फोर्क सांभाळणाऱ्यांसाठी गिट रेरेरे: काही महिन्यांच्या वापरानंतर

रावेर-यावल भागातल्या केळी व्यापाऱ्यांसाठी आम्ही जळगावात वजनपावतीचं सॉफ्टवेअर बनवतो. पावती मराठीत लागते, आणि आमची पीडीएफ लायब्ररी जोडाक्षरं तोडायची. 'शेतकऱ्याचे नाव' धड छापलं जात नव्हतं. म्हणून ती फोर्क केली, म्हणजे तिची आपली वेगळी प्रत काढली. दुरुस्ती लहानच होती. खरा ताप पुढे: मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती आली की आपले पॅच (आपण केलेले बदल) तिच्यावर रिबेस करा, म्हणजे नव्याने बसवा, आणि त्याच फाईलमधला तोच कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी आदळलेले त्यांचे नि आपले बदल) पुन्हा सोडवत बसा.

यावर उपाय रेरेरे. कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या गिटमध्येच ते असतं, फक्त चालू करावं लागतं. कॉन्फ्लिक्ट कसा सोडवला हे ते आरआर-कॅशे फोल्डरमध्ये टिपून ठेवतं आणि हुबेहूब तसाच कॉन्फ्लिक्ट आला की जुनं उत्तर लावून देतं. रिबेस थांबतो, पण फाईल उघडावी तर काम झालेलं असतं. ऑटोअपडेट चालू केलं तर फाईल स्टेजही होते, म्हणजे पुढच्या नोंदीसाठी आपोआप घेतली जाते. मी ते बंद ठेवलंय. जुनं उत्तर नव्या कोडला लागू पडतंच असं नाही, एकदा नजर टाकलेली बरी. चुकीचं उत्तर टिपलं गेलं असेल तर ते विसरायला लावणारी 'रेरेरे फर्गेट' ही आज्ञा आहे.

आता या परीक्षणात ज्यासाठी रेरेरेचा एक तारा कापतोय ते. सोडवलेल्या कॉन्फ्लिक्टची नोंद वापरात आली नाही, तर साधारण 60 दिवसांनी गिटची सफाई ती उडवते. अर्धवट सोडलेली तर 15 दिवसांतच. आमच्यासारखे तीन-चार महिन्यांनी अपडेट घेणारे असतील तर ऐन गरजेला कॅशे रिकामा! 'जीसी डॉट रेरेरे-रिझॉल्व्ड' या सेटिंगमधली ही मुदत पहिल्याच दिवशी वाढवून घ्या. शिवाय कोड सामायिक सर्व्हरवर पाठवताना (पुश) हा कॅशे बरोबर जात नाही. भुसावळहून काम करणाऱ्या सहकाऱ्याला तेच कॉन्फ्लिक्ट हातानेच सोडवावे लागतात, नाहीतर फोल्डर कॉपी करून द्यायचं.

आणि कॉन्फ्लिक्टच आला नाही तर? मूळवाल्यांनी रुंदी मोजायचं एकक बदललं, रिबेस सुरळीत झाला, पावतीवर मात्र वजनाचा रकाना दराच्या रकान्यात घुसला. इथे रेरेरे काहीच करू शकत नाही. रिबेसनंतर आपलेच पॅच आधी कसे होते नि आता कसे झालेत हे पाहायला रेंज-डिफ ही आज्ञा आहे, गिट 2.19 पासून. पण तेही आपल्याच पॅचपुरतं. म्हणून प्रत्येक अपडेटनंतर जोडाक्षरांनी भरलेली एक नमुना पावती छापून बघतो.

पॅच एकदोनच असतील तर या भानगडीत पडू नका, हाताने लवकर होतं.