शोधनिबंध खुल्या जर्नलमध्ये द्यावा की वर्गणीच्या?

निबंध कुठे पाठवायचा हे ठरवताना आधी दोन गोष्टी पाहाव्यात: पैसे कोण भरणार, आणि निबंधाची कोणती प्रत लोकांना वाचता येणार.

वर्गणीच्या जर्नलमध्ये लेखकाला सहसा शुल्क नसते. खर्च ग्रंथालयांच्या वर्गणीतून निघतो. पण ज्यांच्या संस्थेने वर्गणी भरलेली नाही ते गोषवाऱ्यापाशीच अडतात. त्यात लेखक बहुधा स्वामित्वहक्क प्रकाशकाला देऊन टाकतो, त्यामुळे स्वतःचीच आकृती पुन्हा छापायला परवानगी मागण्याची वेळ येऊ शकते.

खुल्या जर्नलमध्ये निबंध पहिल्या दिवसापासून सर्वांना मोफत मिळतो, मात्र खर्चाचा भार अनेकदा लेखकावर पडतो. वर्गणीच्या ‘नेचर’ने निबंध खुला करण्यासाठी २०२० मध्ये जाहीर केलेले शुल्क ९,५०० युरो होते. बरेच प्रकाशक कमी उत्पन्नाच्या देशांतील लेखकांना सूट देतात. ती निबंध पाठवतानाच मागावी, स्वीकृतीनंतर मागितली तर नकार मिळू शकतो. वर्गणीच्या जर्नलमध्ये शुल्क भरून एकच निबंध खुला करण्याचा ‘हायब्रिड’ पर्याय मात्र, संस्थेचा प्रकाशकाशी करार नसेल तर, टाळलेला बरा. तिथे लेखक शुल्क भरतो आणि ग्रंथालयाची वर्गणीही चालूच राहते.

शुल्कावर चालणाऱ्या जर्नलला प्रत्येक स्वीकृतीमागे पैसे मिळतात, आणि लबाडीला वाव मिळतो तो इथेच. ‘सायन्स’ने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला निबंध ३०४ खुल्या जर्नलांकडे पाठवला होता, १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. वर्गणीची जर्नले त्या चाचणीत नव्हतीच, त्यामुळे ती अधिक चोख ठरतात असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. पाठवण्याआधी जर्नलचे नाव ‘डीओएजे’ या खुल्या जर्नलांच्या सूचीत शोधावे, आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) ताडून पाहावा, आणि संकेतस्थळ खऱ्या जर्नलची नक्कल तर नाही ना हे तपासावे.

लेखक आणि वाचक दोघांकडूनही पैसे न घेणारी ‘डायमंड’ जर्नलेही आहेत. अपुऱ्या मनुष्यबळामुळे तिथे विलंब होऊ शकतो. जुने अंक कुठे जतन होतात ते जरूर विचारावे. संकेतस्थळ बंद पडले तर निबंधही हरवतो.

अनुदान नसलेल्या लेखकाला आमच्या मते सर्वांत सोयीचा मार्ग असा: चांगल्या वर्गणीच्या जर्नलमध्ये छापावे आणि स्वीकृत हस्तलिखित संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात, ठेवावे. समीक्षकांच्या सूचनांनुसार दुरुस्त झालेली, पण प्रकाशकाने मांडणी न केलेली प्रत म्हणजे स्वीकृत हस्तलिखित. कित्येक जर्नले ती ६ ते २४ महिन्यांनी खुली करू देतात. नेमकी अट जर्नलांची धोरणे देणाऱ्या ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ (पूर्वीचे ‘शेर्पा रोमिओ’) या संकेतस्थळावर पाहावी. अनुदान असेल तर देणाऱ्याची अटही वाचावी: अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेने १ जुलै २०२५ पासून स्वीकारल्या गेलेल्या निबंधांसाठी ही प्रतीक्षा रद्द केली आहे. या मार्गावर नेहमी होणारी चूक म्हणजे प्रकाशकाची पीडीएफ चढवणे. ती काढून टाकावी लागते, आणि तोवर स्वीकृत हस्तलिखिताची फाइल सहलेखकांच्या ईमेलमध्ये कुठेतरी गडप झालेली असते. स्वीकृतीच्या दिवशीच ही फाइल वेगळी जपून ठेवावी.

परवानाही नीट निवडावा. ‘सीसी बाय’ हा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना श्रेय देऊन भाषांतर, पुनर्मुद्रण, अगदी विक्रीलाही मुभा देतो. त्याला ‘एनडी’ (बदल करून प्रसिद्ध करण्यास मनाई) जोडले की परवानगीशिवाय भाषांतर प्रसिद्ध करता येत नाही. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही.

पेटंट घ्यायचे असेल तर अर्ज आधी दाखल करावा. अनेक देशांत प्रीप्रिंटसुद्धा (समीक्षेआधीच ऑनलाइन ठेवलेला निबंध) जाहीर प्रकटन ठरते आणि नावीन्याचा दावा तिथेच संपतो.