आयफ्रेम की रिडायरेक्ट? कार्ड स्किमिंगपासून ऑनलाइन धंदा वाचवताना करायची निवड

ऑनलाइन विक्री करणाऱ्याला कार्डचोरीची धास्ती असेल, तर बाकी सगळ्या उपायांच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते: ग्राहक जिथे कार्डाचा नंबर टाकतो, ते रकाने कुणाच्या पानावर असावेत? स्वतःच्या सर्व्हरवर कार्ड नंबर घेण्याचा मार्ग मी इथे धरलेला नाही. मोठी तांत्रिक टीम नसलेल्याने त्या वाटेला जाऊच नये. उरतात दोन मार्ग. गेटवेची (आपल्या वतीने कार्डाचे पैसे घेणाऱ्या कंपनीची) आयफ्रेम, म्हणजे तिच्या पानाची चौकट, आपल्याच चेकआउटच्या पानात बसवायची, किंवा पैसे भरायच्या वेळी ग्राहकाला सरळ गेटवेच्या पानावर पाठवायचं, म्हणजे रिडायरेक्ट. मी दोन्ही चालवले आहेत. आधी आयफ्रेम होती, आता रिडायरेक्ट आहे.

दोन्हींत कार्ड नंबर आपल्या सर्व्हरला शिवत नाही, म्हणून दोन्ही सारखेच सुरक्षित, असं बरेच जण धरून चालतात. पण आजचा स्किमर, म्हणजे कार्डाची माहिती चोरणारा छुपा कोड, सर्व्हरवर नव्हे, ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये काम करतो. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवर आधीपासूनच असलेल्या एका जावास्क्रिप्ट लायब्ररीत (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या तयार कोडमध्ये) चोरांनी अवघ्या २२ ओळी घुसवल्या. ग्राहकाने बटण दाबलं की माहिती कंपनीकडे जायची आणि त्याच वेळी कंपनीच्या नावाशी साधर्म्य असलेल्या दुसऱ्याच डोमेनवरही जायची. तिकीट व्यवस्थित निघायचं, त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. ४ लाखांहून अधिक लोक यात सापडले आणि २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड केला. त्याच २०१८ मध्ये तिकीटमास्टर या तिकिटं विकणाऱ्या कंपनीच्या ब्रिटनमधल्या साइटवर चोरी झाली, ती बाहेरच्या कंपनीच्या चॅटबॉटमधून. तो चॅटबॉट पेमेंटच्या पानावरही ठेवलेला होता. मला हे दुसरं उदाहरण जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण पहिल्यासारखी मोठी विमान कंपनी आपली नसली, तरी पानावर बाहेरची स्क्रिप्ट (दुसऱ्या कंपनीचा कोड) मात्र आपल्यापैकी प्रत्येकाची असते.

आयफ्रेमची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती कच्ची नाही. ब्राउझरच्या नियमाप्रमाणे आपल्या पानावरची स्क्रिप्ट दुसऱ्या डोमेनच्या आयफ्रेममध्ये डोकावू शकत नाही. म्हणजे आपल्या पानावर स्किमर आला, तरी खऱ्या रकान्यांत काय टाइप होतंय ते त्याला वाचता येत नाही. ग्राहक साइट सोडून जात नाही, रंगरूप आपलं राहतं, फोनवर सगळं एका दमात उरकतं. दर महिन्याची वर्गणी घेणाऱ्यांना आणि पैसे भरतानाच जोडवस्तू सुचवणाऱ्यांना याचा खरा फायदा आहे.

अडचण अशी की आयफ्रेमच्या भोवतीचं पान आपलं असतं. स्किमरला आत डोकावता येत नसलं, तरी खरी आयफ्रेम काढून तिथे हुबेहूब खोटे रकाने बसवता येतात. ग्राहक त्यात कार्ड भरतो, 'व्यवहार अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा' असा संदेश येतो, मग खरी आयफ्रेम परत दिसते आणि दुसऱ्यांदा पैसे जातात. ॲड्रेस बारमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपलंच नाव असतं. काही स्किमर तर ॲडमिन लॉगिन असलेल्याला किंवा डेव्हलपर टूल्स उघडणाऱ्याला दिसतच नाहीत. मालकाने स्वतः चेकआउट उघडून पाहिलं, तर त्याला सगळं ठीकच दिसणार.

म्हणूनच पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या नियमावलीच्या ताज्या आवृत्तीत पेमेंटच्या पानासाठी दोन कलमं आली, ६.४.३ आणि ११.६.१. ती ३१ मार्च २०२५ पासून बंधनकारक आहेत. पहिल्यात पानावरच्या प्रत्येक स्क्रिप्टची यादी, ती का हवी याचं लेखी कारण आणि ती बदललेली नाही याची खात्री मागितली आहे. दुसऱ्यात ग्राहकाच्या ब्राउझरपर्यंत पोहोचलेलं पान निदान आठवड्यातून एकदा तपासून फेरफार झाला तर सूचना मिळाली पाहिजे, असं आहे. लहान दुकानदार भरतात त्या एसएक्यू ए या स्वयंघोषणेतून ही कलमं वगळली गेली, पण आयफ्रेम वापरणाऱ्याला आपली साइट स्क्रिप्टच्या हल्ल्याला बळी पडणारी नाही याची हमी द्यावी लागते. रिडायरेक्टवाल्याला ही अट लागू नाही. सल्लागार हा फरक पुष्कळदा एका ओळीत सांगून मोकळे होतात. रोजच्या कामात मात्र तो फार मोठा आहे.

माझा निर्णय झाला तो इथेच, अलर्टवरून. आयफ्रेमच्या काळात पानावर लक्ष ठेवणारी सेवा लावली होती. कुठलीही स्क्रिप्ट बदलली की मेल यायचा, आणि स्क्रिप्ट सारख्या बदलतात. ॲनालिटिक्स बदलतं, जाहिरातीचा टॅग बदलतो, ग्राहकांच्या प्रतिक्रिया दाखवणारं विजेट बदलतं. प्रत्येक मेल उघडला की समोर जागा न सोडता कोंबलेल्या कोडचा ढीग, त्यात दोन ठिकाणी लाल खुणा. हा बदल भला की बुरा हे मी कशावरून ठरवायचं? संबंधित कंपनीला विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'नेहमीचा अपडेट आहे'. तिकीटमास्टरसारख्या प्रकारात मुळात त्या बाहेरच्या कंपनीलाच पत्ता नसतो, त्यामुळे या उत्तराला किती किंमत द्यायची हाही प्रश्नच.

यावर उपाय म्हणून स्क्रिप्टला हॅश (कोडमधून काढलेली, कोड बदलला की बदलणारी खूण) लावून पाहिला. हॅश जुळला नाही तर ब्राउझर स्क्रिप्ट चालवतच नाही. कल्पना उत्तम आहे. पण समोरच्या कंपनीने अपडेट सोडला की ते विजेट गुपचूप बंद, आणि कळायचं ग्राहकाच्या तक्रारीवरून. कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीने (पानाने कुणाशी संपर्क करावा हे ब्राउझरला सांगणाऱ्या यादीने) परवानगी नसलेली डोमेनं अडवता येतात. ती मी आजही ठेवली आहे. मात्र ज्या मोठ्या सेवांना आपण स्वतःच परवानगी दिलेली असते, त्यांच्याच आडून माहिती बाहेर नेल्याचे प्रकार घडले आहेत. गूगल ॲनालिटिक्सच्या डोमेनचा असा वापर २०२० मध्ये उघड झाला होता. भिंत उभी राहते, पण दार कुणासाठी उघडायचं हा निर्णय पुन्हा आपल्याच डोक्यावर.

रिडायरेक्टने हल्ला अशक्य होतो असं मी म्हणणार नाही. आपल्या पानावर घुसलेला स्किमर बटणाची दिशा बदलून ग्राहकाला बनावट गेटवेवर नेऊ शकतो, किंवा रिडायरेक्टच्या आधीच खोटा फॉर्म दाखवू शकतो. फरक पडतो तो तपासण्यात. रिडायरेक्टमध्ये आपल्या साइटवर कार्डाचा रकाना कधीच नसतो. त्यामुळे तो दिसला तर गडबड आहे, यात वादाला जागा नाही. हे ओळखायला कोड वाचता यावा लागत नाही. फोन घेणाऱ्या सहकाऱ्यालाही ते कळतं. 'या साइटवर कार्ड नंबर विचारला जात नाही' ही ओळ मी कार्टच्या पानावर ठळक लिहून ठेवली आहे. आयफ्रेमच्या पानावर असं वाक्य लिहिताच येत नाही, कारण तिथे खरे आणि खोटे रकाने एकाच जागी, एकसारखेच दिसतात.

किंमत मोजावी लागते, हे खरं. गेटवेचं पान परकं दिसतं आणि काही ग्राहक तिथून माघारी फिरतात. विक्री किती घटली याचा पक्का हिशेब माझ्याकडे नाही. घटली असेलच, पण धंद्याला जाणवेल इतकी नाही, असं माझं मत झालं आहे. हे तुमच्या मालावर आणि ग्राहकांवर अवलंबून राहील. जास्त त्रास दुसऱ्याच गोष्टीचा होतो. पैसे भरून ग्राहक टॅब बंद करतो, आपल्या साइटवर परत येतच नाही आणि ऑर्डर 'प्रलंबित' अडकते. गेटवेचा वेबहुक (पैसे मिळाल्याचा आपल्या सर्व्हरला थेट येणारा निरोप) नीट जोडल्याशिवाय रिडायरेक्ट चालू करू नका, आणि वेबहुकची सही, म्हणजे निरोप खरंच गेटवेचा असल्याची खूण, पडताळल्याशिवाय ऑर्डर पक्की करू नका.

तुमच्याकडे अलर्ट वाचून समजणारा डेव्हलपर कायम असेल आणि पेमेंटच्या पानावर बाहेरची एकही स्क्रिप्ट न ठेवण्याची शिस्त पाळली जाणार असेल, तर आयफ्रेम घ्यायला माझी हरकत नाही. पण मार्केटिंगवाल्यांना टॅग मॅनेजरची (डेव्हलपरशिवाय पानावर स्क्रिप्ट टाकू देणाऱ्या साधनाची) चावी दिलेली आहे आणि डेव्हलपर कंत्राटावर अधूनमधून येतो, अशी स्थिती असेल, तर मला रिडायरेक्ट बरा वाटतो. निवडीआधी गेटवेला दोन गोष्टी विचारून घ्या: त्यांच्या पानावर तुमचं नाव आणि लोगो दाखवता येतो का, आणि पेमेंटची लिंक तुमच्या सर्व्हरवरून प्रत्येक ऑर्डरसाठी नवी तयार होते का. पानात आधीच लिहून ठेवलेली, कायम तीच राहणारी लिंक देत असतील, तर दुसरा गेटवे पाहा.