जर्सीवर कोणाचं नाव: सट्टा अ‍ॅप की वरच्या आळीतला किराणावाला?

वागळे इस्टेटच्या कबड्डी मंडळाला मॅट, जर्सी आणि बाहेरगावच्या स्पर्धेचं बसभाडं हवंच. पैसे उभे करायच्या वाटा दोन.

सट्टा कंपनीचा पैसा एकरकमी येतो. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायला नको. पण हा पैसा हरणाऱ्यांच्या खिशातला. मैदानाच्या कडेला बसून मोबाइलवर आकडे लावणारी पोरं आपल्याच वस्तीतली; त्यांच्या समोर आपला चढाईपटू छातीवर तेच नाव घेऊन ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत जाणार! शिवाय भरवसा शून्य. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि ड्रीम११ भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून गेलं. बीसीसीआयला लगेच अपोलो टायर्स मिळाली, आपल्याला कोण देणार? त्या कायद्यात जाहिरातीलाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे. सट्टा अ‍ॅपच्याच नावाची ‘बातम्यांची साइट’ दाखवून ते नाव जर्सीवर छापायची पळवाट तर उघडउघड फसवणूक.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या क्लबांनीही २०२३मध्ये ठरवलं की २०२५-२६च्या हंगामानंतर जर्सीच्या पुढच्या बाजूला जुगार कंपनी नको. बाहीवर मात्र चालेल, म्हणजे सोवळं अर्धंच.

वर्गणीचा मार्ग किचकट. किराणावाला, केमिस्ट, गॅरेजवाला थोडं थोडं देतात, आणि ‘माझं नाव बारीक का?’ म्हणून रुसतातही. नगरसेवकाचा फ्लेक्स लावावा लागतो तो वेगळाच. तरी माझं मत वर्गणीलाच. मॅट यंदा जुनीच वापरू, फाटलेल्या कडेला पट्टी मारून.