मॅच पुढं ढकलली की ह्या ॲपचा जीव जातो (एक सीझन वापरून)

वर्षाचे ४९९ रुपये भरून घेतलेलं फुटबॉल स्कोअरचं ॲप एक अख्खा सीझन वापरून झालं म्हणून लिहितोय. नाव मुद्दाम घेत नाही कारण पुढं शिव्याच जास्त आहेत आणि फुकटची जी दोन वापरून बघितली त्यांनी पण काय वेगळे दिवे लावले नाहीत. मोठ्या लीगवाल्यांनी हे वाचलं नाही तरी चालंल, तुमच्यासाठी ॲप झक्कास आहे, गोल पडला की टीव्हीच्या आधी फोन वाजतो. माझं दुखणं वेगळंय. मी कार्लाइल युनायटेड हा इंग्लंडातला खालच्या लीगमधला क्लब फॉलो करतो.

आता कोल्हापूरचा माणूस कार्लाइलच्या नादाला कुठनं लागला, तर २०१९ च्या महापुरात मावशीच्या घरात, शाहूपुरी कुंभार गल्लीत, पाणी शिरलं आणि ती सगळी आमच्याकडं राहायला आली. झोप कुणालाच नव्हती, मोबाईलवर पुराचे फोटो बघता बघता एक फोटो आला त्यात आख्खं फुटबॉल ग्राउंडच पाण्यात. पहिल्यांदा वाटलं आपल्याकडचंच कुठलंतरी. ते निघालं ब्रंटन पार्क, कार्लाइलचं, डिसेंबर २०१५ च्या डेस्मंड वादळातलं. बिचाऱ्यांनी नंतर दीडेक महिना ‘घरच्या’ मॅचेस प्रेस्टन, ब्लॅकबर्न आणि ब्लॅकपूलच्या ग्राउंडवर खेळल्या आणि २३ जानेवारी २०१६ ला परत घरी आले. त्याआधी जानेवारी २००५ ला पण त्यांच्याकडं पूर, आणि त्याच सीझनला प्लेऑफ (वर चढायची शेवटची लढत) जिंकून पाचव्या पायरीवरनं परत चौथीवर. २००५ ला पंचगंगेनं आपल्याला पण दाखवलंच होतं की. म्हटलं ही आपलीच माणसं, तेव्हापासनं फॉलो करतोय. २०२५ ला परत खाली घसरून नॅशनल लीगमध्ये गेले, म्हणजे पाचवी पायरी, पण सोडणार कसं.

तर मुद्द्यावर येतो. ह्या लीगमध्ये २४ टीम, प्रत्येकाच्या ४६ मॅचेस, ऑगस्ट ते एप्रिलअखेर. कॅलेंडर घेऊन शनिवार मोजा, चाळीस पण भरत नाहीत, त्यातनं एफए कप आणि एफए ट्रॉफी ह्या बाद स्पर्धांचे शनिवार वजा करा. म्हणजे काहीच बिघडलं नाही तरी मंगळवारी रात्री खेळावंच लागतं. आणि थंडीत बिघडतंच. प्रीमियर लीगवाल्यांच्या ग्राउंडखाली गरम पाण्याचे नाहीतर विजेचे हीटर असतात, तिथं ते सक्तीचं आहे, पण खालच्या क्लबांकडं एवढा पैसा कुठला. ते रात्री ग्राउंडवर कापड पसरतात आणि सकाळी रेफ्री येऊन बूट रोवून बघतो, बॉल टाकून बघतो उसळतोय का चिखलात बसतोय, आणि मान हलवतो. जानेवारीत अशा तीन मॅचेस गेल्या की त्या तिन्ही मार्च-एप्रिलच्या मंगळवारात कोंबायच्या. शनिवार मंगळवार शनिवार मंगळवार, वीस-बावीस पोरांची टीम, निम्म्यांच्या मांड्या धरलेल्या.

पुढं ढकललेली मॅच म्हणजे उधारी असते. ती मिटलेली नसते, वहीत लिहिलेली असते, आणि ती कधी फेडायची ह्यावर सगळा सीझन ठरतो. ह्या ॲपला उधारी ही गोष्टच कळत नाही. त्याच्या लेखी मॅच झाली नाही म्हणजे विषय संपला.

एक शनिवारचा किस्सा सांगतो. शाहू स्टेडियमवर चारची मॅच बघायला जरा लवकर जाऊन बसलेलो, पहिली मॅच अजून चालू होती, ऊन मी म्हणत होतं. साडेतीनला, म्हणजे तिकडं सकाळी दहाला, पिच इन्स्पेक्शन होतं. ॲपनं काय कळवलं? ‘मॅच सुरू व्हायला ५ तास, विजेता ओळखा.’ च्यायला, तिकडं मॅच होणार का नाही ह्याचीच बोंब आणि हे विजेता ओळखा म्हणतंय. क्लबच्या स्वतःच्या पेजवर मॅच रद्दची पोस्ट येऊन पंचवीस मिनिटं झाल्यावर ॲपमध्ये ‘पी-पी’, म्हणजे पोस्टपोन्ड, एवढी दोन अक्षरं आली. शेजारी एक आबा बसलेले, फोन वाजला तसं म्हणाले, “काय रं, कुणाचा गोल?”

“गोल न्हाई आबा, इंग्लंडची मॅच कॅन्सल झाली. ग्राउंड गोठलंय.”

“गोठलंय म्हंजे?”

“बर्फ. माती दगडागत घट्ट झालीया.”

आबांनी समोर गोलपोस्टपुढं उडणारा फुफाटा बघितला. “आणि हितं आम्ही पाणी मारा म्हणून बोंबलायलोय.”

बरं, पी-पी आलं ते आलं, कारण कुठाय? बर्फ का पाऊस का फ्लडलाईट गेले, काही नाही. त्याहून वाईट म्हणजे नवीन तारीख. जुन्या तारखेला पी-पी तसंच राहतं आणि नवी तारीख ठरली की ती वेगळीच मॅच म्हणून कुठंतरी खाली येऊन पडते, जुनीवर लावलेली घंटी, म्हणजे अलर्ट, नवीनवर येत नाही. असा एक मंगळवार माझा गेला. तिकडची पावणेआठची मॅच, आपल्याकडं रात्रीचा सव्वा, मी घंटीच्या भरवशावर झोपलो आणि सकाळी दूध आणायला गेल्यावर कळलं ३-१ जिंकले. बायको म्हणाली बरं झालं झोपलास, ते वेगळं.

अर्ध्यात सोडलेल्या मॅचची तर त्याहून तऱ्हा. एकदा दुसऱ्याच एका मॅचमध्ये साठाव्या मिनिटापर्यंत १-० दिसत होतं, मग पाऊस वाढला, रेफ्रीनं खेळ थांबवला, आणि ॲपमधनं मॅचच गायब. इंग्लंडात अशी मॅच बहुतेक वेळा परत पहिल्या मिनिटापासनं, ०-० वरनं खेळवतात, तो गोल हिशोबात धरत नाहीत. एवढं एक वाक्य लिहायला काय जातंय? त्या गोलवाल्या पोराचा गोल मात्र ॲपच्या टॉप स्कोअरर यादीत पुढं आठवडाभर तसाच होता, हसावं का रडावं.

१९६३ ला हे ॲप असतं तर काय झालं असतं असा विचार मी बऱ्याचदा करतो. त्या हिवाळ्यात इंग्लंड असं गोठलं होतं की एफए कपची तिसरी फेरी संपायला ६६ दिवस लागले आणि लिंकन-कोव्हेंट्री ही एकच मॅच पंधरा वेळा पुढं गेली. मॅचेसच होईनात आणि लोकांनी पैसे लावलेले, म्हणून काही जाणत्या माणसांचं पॅनेल बसवून न झालेल्या मॅचेसचे निकाल त्या पैजांपुरते ठरवायला लागले. खोटं वाटंल पण खरंय. आणि स्कॉटलंडात १९७९ ला स्ट्रॅनरार विरुद्ध इन्व्हर्नेस थिसल, २९ वेळा! ॲपनं त्यातल्या चार-पाच कळवल्या असत्या, उरलेल्यांना ‘विजेता ओळखा’.

चांगलं पण सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता रडतोय. एक ‘विश्रांती’ नावाची पट्टी आहे, दोन मॅचच्या मधे किती दिवस मिळाले ते दाखवते, तीनपेक्षा कमी असले की लाल. मार्चमध्ये कार्लाइलची पट्टी नुसती मिरचीच्या वाळवणासारखी दिसत होती. ह्या एका गोष्टीसाठी शंभर रुपये वसूल. दुसरं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळं मागं जातात, मग शनिवारची तीनची मॅच आपल्याकडं साडेसातची साडेआठला होते, त्यात ॲप एकदापण चुकलं नाही. जाहिराती नाहीत. बॅटरी खात नाही.

पण पॉइंट टेबल बघा. आपण आठवे दिसतोय, आणि वरच्यांपेक्षा तीन मॅच कमी खेळलोय हे कळायला प्रत्येक टीमचा आकडा बोटानं मोजायचा. आमच्या तालमीच्या (कोल्हापुरात फुटबॉलच्या टीम तालमींच्याच असतात) ग्रुपमध्ये ह्यापेक्षा बरी सोय आहे. एप्रिल-मेत वळीव आला, ग्राउंडवर पाणी साठलं, मृगाच्या आत सगळं उरकायची घाई असते, तर कुणीतरी स्टेडियमच्या गेटवरनं फोटो टाकतो आणि खाली लिहितो, ‘आजची उद्या, टाईम तोच, पाऊस न्हाई आला तर.’ कारण, तारीख, अट, सगळं एका ओळीत. ४९९ रुपये न घेता.

सपोर्टला मेल केला होता, जुनी घंटी नव्या तारखेवर आणा म्हणून. चार दिवसांनी उत्तर आलं की तुमची मॅच पुढं ढकलण्यात आली आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. अहो ते मला माहीतेय, म्हणून तर लिहिलं! परत लिहिलं तर परत तेच, शब्दन् शब्द.

पाचपैकी अडीच. वरचा अर्धा त्या लाल पट्टीचा. घेणार असाल तर मॅचवर घंटी लावू नका, टीमवर लावा, म्हणजे तारीख बदलली तरी वाजते, हे मला फेब्रुवारीत कळलं आणि कळवलं कुणी तर मावशीच्या नववीतल्या नातवानं.