तारकर्ली, नेत्राणी की हॅवलॉक? पुण्यातून स्कुबाला जायचं तर

दिवाळी जवळ आली की ऑफिसच्या ग्रुपवर हा विषय निघतोच. कोणी म्हणतं तारकर्ली बेस्ट, कोणी म्हणतं तिथे पैसे फुकट घालवू नका, डायरेक्ट अंदमान गाठा. दोघंही बरोबर असतात, कारण एकजण पाण्याखाली एकदा डोकावून येण्याबद्दल बोलत असतो आणि दुसरा डायव्हिंग शिकण्याबद्दल. तुम्हाला यातलं नक्की काय पाहिजे ते आधी ठरवा, मग जागा आपोआप ठरते.

नुसतं बघायचंय, सोबत पोरं, आई-बाबा, दोन दिवस सुट्टी, तर तारकर्ली-मालवण, डोळे झाकून. शुक्रवारी रात्री गाडी काढायची, सकाळी मालवण. पोहता येत नसलं तरी चालतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास बोट लावतात, इन्स्ट्रक्टर तुमचा सिलिंडर धरून तुम्हाला पाच-सहा मीटर खाली फिरवतो, पंधरा-वीस मिनिटांत वर, व्हिडिओ मोबाईलवर. पाणी किती स्वच्छ मिळेल ते नशिबावर, पावसाळा संपल्या संपल्या गेलात तर गढूळच समजा, डिसेंबर ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात बरं, आणि जून लागला की सगळं बंद. एक मात्र मला अजिबात पटत नाही, फोटोत मासे यावेत म्हणून ब्रेड टाकतात ते. अहो १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे ते, शनिवारवाड्याबाहेरची कबुतरं नाहीत! आणि तारकर्ली म्हणजे फक्त फोटो असंही नाही बरं का, एमटीडीसीचं ट्रेनिंग सेंटर तिथेच आहे, सर्टिफिकेट कोर्सही होतात.

नेत्राणी हे कर्नाटकातलं बेट मधला पर्याय. मुरुडेश्वरहून बोटीने तास-दीड तास, पाणी मालवणपेक्षा खोल आणि बऱ्याचदा स्वच्छ, पण पुण्याहून रस्ता लांब आणि बोट लागणाऱ्यांचे हाल. गोकर्ण-मुरुडेश्वर करणारच असाल तर घ्या, नुसतं त्यासाठी जाऊ नका.

आता शिकायचंय तर. ओपन वॉटर कोर्स हा डायव्हिंगचा पहिला कोर्स, म्हणजे थिअरी, पूलमधली किंवा उथळ पाण्यातली प्रॅक्टिस आणि समुद्रात चार डाईव्ह, त्यानंतर १८ मीटरपर्यंत जायचं लायसन्स. २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं जमलं पाहिजे, टिळक टँकवर पोहायला शिकलेल्यांना हे काहीच नाही. यासाठी मी अंदमानातलं हॅवलॉक (म्हणजे आताचं स्वराज द्वीप) सांगेन, आणि तिथेही मोठ्या रिसॉर्टच्या सेंटरपेक्षा छोटं सेंटर. नियमाने एका इन्स्ट्रक्टरकडे समुद्रात आठ विद्यार्थी चालतात, छोट्या सेंटरवर बऱ्याचदा दोन-तीनच असतात आणि सगळा फरक तिथेच पडतो. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरायचं, मग वरची कड कपाळावर दाबून नाकाने हळू फुंकत ते बाहेर काढायचं, हा प्रकार पहिल्यांदा प्रत्येकाला घाबरवतो, नाकात पाणी गेलं की हात आपोआप वर जायला बघतात. आठजणांत तुमचा नंबर येईपर्यंत तुम्ही गुडघ्यावर थांबून थांबून गारठता आणि एकदा जमलं की पुढे. दोघांत इन्स्ट्रक्टर समोर बसून पाच वेळा करून घेतो. कान दुखला तर मीटरभर वर येऊन परत, कोणाची घाई नाही. छोट्याचा तोटाही आहे, हवा बिघडली की बोट रद्द आणि दुसरी बोट नसते, एकच इन्स्ट्रक्टर आजारी पडला की बोंबला. म्हणून एक दिवस जास्तीचा धराच.

पैशाचं बोलायचं तर मालवणचं काम हजार-दोन हजारांत होतं, अंदमानला नुसता कोर्सच तीस हजारांच्या आसपास, वर विमान, फेरी, राहणं. पण तारकर्ली, मग गोवा, मग परत तारकर्ली असे ट्रायल डाईव्ह करत बसलात तर शिकत काहीच नाही, प्रत्येक वेळी कोणीतरी धरूनच नेणार. थोडी बचत हवी तर थिअरी आणि पूलचा भाग पुण्यातच उरकून घ्या, याला रेफरल म्हणतात, मग वर्षभरात समुद्रातले चार डाईव्ह कुठेही करता येतात. सुट्टीचे दीड-दोन दिवस वाचतात.

एक गोष्ट बुकिंग करतानाच बघा. अनेक डाईव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी निदान १८ तास जाऊ द्यायचे असतात, त्यामुळे शेवटचा दिवस कोरडाच ठेवा. आणि हे घाटालाही लागू! हा नियम साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीला धरतात आणि कोकणातून वर येतानाचा आंबोली घाट सातशेच्या आसपास आहे. मालवणच्या उथळ पंधरा मिनिटांनी फारसं बिघडत नाही, पण नेत्राणीला दोन खोल डाईव्ह मारून त्याच संध्याकाळी घाट चढू नका.

दमा, कानाचं ऑपरेशन, हार्टचं काही असेल तर डॉक्टरांचं पत्र आधीच घ्या, तिकीट काढल्यावर नको. आणि सेंटर ठरवताना फोनवर तीनच गोष्टी विचारा, माझ्यासोबत किती जण, इन्स्ट्रक्टर कोण आणि त्याचं सर्टिफिकेशन काय, बोट रद्द झाली तर पैशांचं काय. यावर 'टेन्शन नका घेऊ सर' एवढंच उत्तर आलं तर दुसऱ्या सेंटरला फोन लावा.