घरून साड्या विकताना व्हॉट्सअॅप बिझनेस: सरळ गिऱ्हाइकाला उत्तम, वाकड्या मागणीला अपुरं

घरबसल्या साड्या विकणाऱ्यांसाठी व्हॉट्सअॅप बिझनेसचं मोफत अॅप चांगलं आहे, पण गिऱ्हाईक कॅटलॉगमध्ये दिसतं तेच मागत असेल तोवरच. "पदर हाच, पण मोर हिरवे", "पगार होईपर्यंत बाजूला ठेवा", "ब्लाउजपीस कापून वेगळा पाठवा" अशा मागण्या सुरू झाल्या की अॅपकडे तयार सोय नसते. हाताशी असलेल्या साध्या साधनांची पद्धतशीर जुळणी करावी लागते. पैठणी आणि हातमागाच्या साड्या विकणाऱ्यांना ही अडचण जास्त जाणवते, कारण त्यांच्याकडे प्रत्येक नग एकुलता असतो.

कॅटलॉगपासून सुरुवात करू. त्यात ५०० वस्तू मावतात. प्रत्येकीचे १० पर्यंत फोटो, किंमत, वर्णन आणि आयटम कोड टाकता येतो. कोडचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात, आणि खरा उपयोग त्याचाच आहे. "ती मोरपंखी दाखवा ना" असं म्हणणाऱ्या ताईंना सहा मोरपंखींतली नेमकी कोणती हवी आहे ते कोडशिवाय कळत नाही. तोच कोड साडीच्या पिशवीवरच्या चिठ्ठीवरही लिहावा.

मोठी उणीव म्हणजे कॅटलॉगला शिल्लक मालाचा हिशोब ठेवता येत नाही. साडी विकली गेली तर ती कॅटलॉगमधून आपणच लपवायची. गिऱ्हाइकाने कार्टमध्ये टाकून पाठवलेली यादी हा निव्वळ एक मेसेज असतो, त्याने साडी अडकत नाही. एकाच साडीची दोन कार्टं आली तर भांडण आपल्या दारात. म्हणून "उपलब्ध आहे" हे उत्तर देण्याआधी कपाट बघायचं, आणि इसारा (आगाऊ रक्कम) आला की आधी साडी लपवायची, मग आभार मानायचे.

"बाजूला ठेवा" या मागणीसाठी चॅटला लावायची लेबलं वापरावीत. एकूण २० लेबलं ठेवता येतात, पण त्यांना तारीख किंवा आठवण लावता येत नाही. नुसतं "राखीव" असं लेबल केलं तर महिनाभरात तिथे विसरलेल्या गिऱ्हाइकांचा ढीग होतो. त्याऐवजी "राखीव १० पर्यंत", "राखीव २० पर्यंत", "राखीव महिनाअखेर" अशी तीनच लेबलं करावीत आणि त्या त्या दिवशी ती यादी उघडून रिकामी करावी. इसाऱ्याशिवाय राखीव ठेवूच नये. किमतीच्या पाचव्या भागाइतकी रक्कम मागितली की हौशी चौकशी आपोआप गळते.

क्विक रिप्लाय, म्हणजे आधी लिहून ठेवलेली उत्तरं, हा या अॅपचा सर्वांत कामाचा भाग आहे. अशी ५० पर्यंत उत्तरं साठवता येतात आणि "/" टाइप केलं की यादी समोर येते. पण तिथे "धन्यवाद, लवकरच कळवतो" असली गुळमुळीत वाक्यं भरण्यात अर्थ नाही. अडचणीच्या मागण्यांची उत्तरं आधीच नीट लिहून ठेवावीत. उदाहरणार्थ: "ताई, पिको-फॉल करून देऊ, पण सुई लागल्यावर साडी परत किंवा बदलून घेता येत नाही. चालेल तर 'हो' असं लिहा." ब्लाउजपीस कापून मागणाऱ्यांनाही हेच उत्तर, कारण तो कापला की साडी दुसऱ्याला पूर्ण म्हणून विकता येत नाही.

रंग बदलून मागणाऱ्यांसाठी दोन उत्तरं लागतात. मागावर ताणा (उभे धागे) चढला की अंगाचा मूळ रंग बदलत नाही. पदरावरची नक्षी मात्र बाण्याच्या (आडव्या) सुट्या रंगीत धाग्यांनी भरतात, म्हणून पदर विणायला घेण्याआधी विचारलं तर मोराचा रंग बदलून मिळू शकतो. तयार साडीत दोन्ही अशक्य. हे एकदा लिहून ठेवलं की रोजची समजूत काढणं वाचतं.

"जाळून दाखवा, खरी आहे का" ही मागणीही नेहमीची. पदराच्या टोकाच्या गोंड्यातला एक धागा काढून व्हिडिओ कॉलवर जाळावा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. वास अर्थातच पलीकडे पोचत नाही, तेव्हा राख चुरून दाखवावी. यातून रेशमाची खात्री होते, जरीची नाही, हेही तिथेच सांगून टाकावं. हातविणीच्या पैठणीची उलटी बाजू दाखवली तर गिऱ्हाईक लवकर शांत होतं, कारण पदराची नक्षी दोन्हीकडून जवळपास सारखी दिसते. रंगाच्या तक्रारी टाळायच्या तर खिडकीच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून फोटो काढावा आणि तो एचडीमध्ये किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो अॅप दाबून लहान करतं, त्यात जरीचा बारकावा जातो.

परदेशी पाठवताना "पार्सलवर किंमत कमी लिहा" असं हमखास सांगितलं जातं. नकारच द्यावा. खोटी किंमत लिहिणं कस्टमच्या नियमांत गुन्हा आहे, आणि पार्सल हरवलं तर भरपाईही लिहिलेल्या किमतीच्या हिशोबाने ठरते. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली आहे, त्यामुळे न्यू जर्सीच्या भाचीला जाणाऱ्या एका साडीवरही शुल्क लागू शकतं. ते कोण भरणार हे पैसे घेण्याआधी ठरवावं.

अॅपचा एक दोष विक्रेत्यांच्या फार उशिरा लक्षात येतो. दोघांच्या चॅटमध्ये गिऱ्हाईकही मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू करू शकतं: २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस. पाठवलेला मेसेज १५ मिनिटांत बदलता येतो, शिवाय साधारण दोन दिवसांपर्यंत सर्वांसाठी पुसता येतो. म्हणजे "मी हिरवा काठ सांगितला होता" या वादात पुरावाच उरत नाही. म्हणून सौदा ठरला की कोड, रक्कम, केलेले बदल आणि परतीची अट एका मेसेजमध्ये आपणच लिहून "हो" घ्यावा, आणि चॅट एक्स्पोर्ट करून ठेवावी.

पैशांच्या बाबतीत अॅप आपल्याला वाचवत नाही. किंमत न विचारता तीन भारी साड्या घेणारा, लष्करातला असल्याचं सांगून ओळखपत्राचा फोटो धाडणारा, आणि "क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" म्हणणारा, हा बहुधा एकच माणूस असतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. "चुकून जास्त गेले, परत करा" असं आलं तर स्क्रीनशॉट न बघता बँकेचं खातं उघडून बघावं. रक्कम खरोखर जमा झालेली असली तरी दुसऱ्या नंबरवर पाठवू नये, बँकेला कळवून ज्या खात्यातून आली तिकडेच परत जाऊ द्यावी. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा.