जुन्या पुस्तकांचं दुकान, जळगाव : आधी वाचू देतात, मग विकतात

जळगावात कामाला आलात आणि परतीच्या गाडीला वेळ असेल, तर स्टेशनकडच्या गल्लीतल्या या दुकानात जाच. पाच तारे देतोय ते मालककाकांसाठी.

दुकान अरुंद. दाराशी स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, कारण खप त्यांचाच. आत सुतळीनं बांधलेले दिवाळी अंक, कादंबऱ्या आणि अगदी शेवटच्या मांडणीवर तत्त्वज्ञान. तिथं उजेड कमी, मोबाईलची बॅटरी लावून नावं वाचावी लागतात. मे महिन्यात दुपारी जाऊ नका, पत्रा तापलेला असतो.

माझी रावेर तालुक्यात केळी आहे. वादळात कापणीला आलेली बाग आडवी झाली आणि पंचनाम्याच्या कागदांसाठी चकरा सुरू झाल्या, तेव्हा इथं पहिल्यांदा शिरलो. काकांनी बोलता बोलता सगळं काढून घेतलं आणि पुठ्ठा निसटलेलं, ग्रीक तत्त्वज्ञांवरचं एक मराठी पुस्तक झेनोच्या पानावर उघडून दिलं. "बस भो, आधी वाच. पैशांचं नंतर पाहू."

जे आपल्या हातात नाही त्याचा त्रास करून घेऊ नये असं सांगणारा स्टोइक हा तत्त्वज्ञानाचा पंथ काढणारा हा झेनो सायप्रस बेटावरच्या किटियमचा, म्हणजे आजच्या लार्नाकाचा. समुद्री गोगलगायींपासून काढलेल्या महागड्या जांभळ्या रंगाचा त्याचा माल होता. जहाज पिरेयस बंदराजवळ फुटलं. तो अथेन्सला गेला आणि एका पुस्तकवाल्याकडे जाऊन बसला, असं जुन्या तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजिनीस लाएर्शियसनं लिहून ठेवलंय. पुस्तकवाला सॉक्रेटिसचा शिष्य क्सेनोफन यानं सॉक्रेटिसवर लिहिलेलं वाचत होता. झेनोनं विचारलं, अशी माणसं भेटतात कुठं? तेवढ्यात क्रेटीस नावाचा तत्त्वज्ञ रस्त्यानं चालला होता. पुस्तकवाला म्हणाला, याच्या मागे जा.

झेनो क्रेटीसचा शिष्य झाला. त्याची भीड मोडावी म्हणून क्रेटीसनं त्याला मसुरीच्या कालवणाचं मडकं भर वस्तीतून न्यायला लावलं. झेनो लाजला, मडकं अंगवस्त्राखाली लपवू लागला. क्रेटीसनं काठीनं ते फोडलं, कालवण पायांवरून ओघळलं आणि झेनो पळत सुटला. मागून क्रेटीस ओरडला, पळतोस कशाला, तुझं काही वाईट झालेलं नाही! इथं मी बराच वेळ अडकलो. बाग पडल्यापासून मी पारावर जाणं सोडलं होतं, नुकसानीपेक्षा लोकांच्या "किती गेलं?"चीच धास्ती जास्त होती. पुढे इ. स. पू. 300च्या सुमारास हाच माणूस अथेन्सच्या बाजारचौकातल्या, चित्रांनी रंगवलेल्या ओसरीत, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर शिकवायला लागला.

ते पुस्तक घेतलं. किमती लिहिलेल्या नसतात, काका पुस्तक उलटसुलट करून सांगतात. मला कधी जास्त वाटल्या नाहीत. झेनोचं स्वतःचं पुस्तक मागू नका, त्याचं एकही अखंड उरलेलं नाही. त्याच पंथातला, नंतरच्या काळातला एपिक्टेटस मागा, काका शोधून ठेवतात. यूपीआय चालतं. पिशवी घरून न्या.